टेप लावलेल्या दोन वायरी

१

डोळे मिटा बघू जरा. मिटलेत? आता माझ्याबरोबर एक घर उभं करा.

खाली बेकरी आणि वर राहायच्या खोल्या. घरभर भाजलेल्या पावाचा वास, आणि हात लावाल तिथे पीठ. खिडकीच्या कठड्यावर पीठ, घड्याळाच्या काचेवर पीठ, बाबांच्या भुवयांवर पीठ. पीठ नाही अशी या घरात एकच जागा आहे: आईचं कपाट. त्या कपाटात, आईच्या घडी केलेल्या स्वेटरवर, एक जुना लॅपटॉप ठेवलेला आहे.

आता एक मुलगी आणा. तिला घरी मुंगी म्हणतात, कारण लहानपणापासून ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू उचलायला जाते. आज ती दात न घासताच कपाटाकडे धावली आहे. कालच संध्याकाळी आई म्हणाली होती, "उद्या सकाळी मला परत पाळी मिळतेय. थोडाच वेळ, पण मिळतेय. तयार राहा."

मुंगीची आई जहाजावर असते. समुद्राच्या तळाशी जाड तारा टाकलेल्या असतात. त्यांतून देशोदेशीची माणसं एकमेकांशी बोलतात. अशी तार तुटली की आईचं जहाज जातं, तार वर ओढतं, आणि आई ती जोडते. सगळ्या जगाचं बोलणं जोडणाऱ्या या बाईला स्वतःच्या घरी बोलायला मात्र रांग लावावी लागते. जहाजावर माणसं पुष्कळ आणि बोलायची सोय एवढीशी, तीही फक्त लॅपटॉपवरून. ज्याची पाळी चुकली, त्याची चुकली.

मुंगीनं लॅपटॉप उचलला. तो गरम होता. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावासारखा गरम. तिनं झाकण उघडलं. पडदा काळा. बटण दाबलं. काळाच.

"बाबा, उठत नाहीये हा."

बाबा पिठाचे हात पुसत वर आले. त्यांनी बटण दाबलं, चार्जर लावला, लॅपटॉपच्या पाठीवर हळूच थापही मारली, जशी ते पीठ भिजवायच्या यंत्राला मारतात. बॅटरी पार संपली होती. तिच्यात थोडा जीव येऊन पडदा उजळेपर्यंत दादा शाळेला निघूनही गेला होता.

पडद्यावर आईची एकच ओळ होती. "मुंगे, वाट बघितली. सगळे ठीक आहात ना?"

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. पण यावेळी प्रश्न वेगळा होता. येत्या रविवारी आईची आणखी एक पाळी होती, आणि त्यानंतर जहाज अशा दूरच्या पाण्यात जाणार होतं, जिथून शाळेची मोठी सुट्टी लागेपर्यंत आवाज येणार नव्हता.

रविवारची पाळी चुकली तर?

२

"हे सगळं दादाच्या खेळामुळे," बाबा दुपारी म्हणाले. "नाही नाही ते भरून ठेवतो त्यात."

"आणि तुमचं पीठ?" दादा म्हणाला. तो त्या वयात होता, जेव्हा मुलांचे पाय आणि उत्तरं दोन्ही एकदम लांब होतात. "त्याचा पंखा उघडा, आतून एक पाव निघेल."

"म्हणून तर कपाटात ठेवायला सांगतो ना मी. ते काही नाही. शनिवारी दुकानात देऊ, सगळं पुसून कोरा करून घेऊ."

"आईचे जुने आवाज आहेत त्यात," मुंगी हळूच म्हणाली.

मग बाबा म्हणाले, "मग का-काकूंना विचारू."

का-काकू समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. त्यांना कशाबद्दलही काही सांगा, त्या विचारायच्या, "का?" पाव कडक झालाय म्हणा, "का?" आज उकडतंय म्हणा, "का?" गल्लीतल्या मुलांनी त्यांचं नाव ठेवलं आणि त्यांना ते इतकं आवडलं, की आता दारावरही तेच होतं.

त्यांचं काम काय, हे मुंगीला त्यांनीच एकदा समजावलं होतं. संगणक चालू केला की आपल्याला चित्रं दिसतात, खेळ दिसतात. पण या सगळ्याच्या तळाशी एक गाभा असतो. त्याला म्हणतात कर्नेल. पडदा कुणी वापरायचा, आवाज कुणी काढायचा, कुणी थांबायचं, हे तो ठरवतो. जगभरातली माणसं मिळून हा गाभा लिहितात आणि जगभरातली माणसं त्याच्या चुका कळवतात. त्या चुकांना बग म्हणायचं. का-काकू अशा कळवलेल्या बगांचा माग काढायच्या.

"सोपा बग म्हणजे रोज येणारा दूधवाला," त्या सांगायच्या. "दारात उभं राहिलं की भेटतो. अवघड बग म्हणजे कधीतरी येणारा पाहुणा. आपण दार लावून गेलो की नेमका येतो."

आता त्या पायऱ्या चढून वर आल्या, खुर्चीवरचं पीठ पदराने झटकलं आणि बसल्या. "पहिला नियम," त्या म्हणाल्या. "जे पाहिलं ते आधी सांगायचं, जे वाटलं ते नंतर. बाबा, तुम्ही."

"मला वाटतं हा खेळ..."

"वाटलं नंतर."

बाबांनी डोकं खाजवलं. थोडं पीठ पडलं. "पाहिलं एवढंच, की सकाळी गरम असतो, पडदा काळा असतो."

"गरम. म्हणजे तो झोपलेला नसतो. झाकण मिटल्यावर त्यानं झोपायला हवं, पण तो आतल्या आत जागा राहतो. झोपताही येत नाही, उठताही येत नाही." काकू म्हणाल्या. "असं होतं कधीकधी. का, ते शोधायचं. दादा, तू."

"मला रोज सकाळी खेळायला हवा असतो, म्हणून माझ्या लक्षात आहे. बहुतेक वेळा नीट उठतो. बंद पडतो तो आई बोलली की दुसऱ्या दिवशी."

"दर वेळी?"

"नाही ना, तीच तर गंमत आहे. बाबांच्या हातून लग्नाचा केक पडला होता, आणि आई इतकी हसली होती की तिची टोपी पडली. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप ठणठणीत. आई म्हणाली सुट्टीत येता येणार नाही, दुसऱ्या दिवशी बंद. मुंगीला ताप होता तेव्हा बोलली, दुसऱ्या दिवशी बंद. परवा परवा मी एकटाच बोललो, ठणठणीत. आणि काल बोलणं मध्येच तुटलं, आज बंद."

बाबा हसले. "घ्या. म्हणजे यंत्राला कळतं वाटतं, आई काय बोलली ते?"

"यंत्राला काही कळत नाही," काकू म्हणाल्या. "म्हणून तर मी विचारतेय. ज्याला कळत होतं, असं खोलीत कोण होतं?"

मुंगी खिडकीच्या कठड्यावरच्या पिठात बोटानं रेघा काढत बसली होती. तिचं बोट थांबलं.

३

काकूंनी मग लॅपटॉप मागितला, आणि हेडफोनही. आईशी बोलायचा हेडफोन वेगळा होता. त्याची वायर लॅपटॉपच्या कडेला खोचायची. काकूंनी वायर हातात धरली. खोचायच्या टोकाजवळ, अगदी मानेशी, काळी टेप गुंडाळलेली होती.

"ही कुणी लावली?"

"मी," बाबा म्हणाले. "आतली तार दिसायला लागली होती."

"का?"

"स्वस्तातली वायर, दुसरं काय."

काकूंनी टेपवरून अंगठा फिरवला.

"आईच्या हेडफोनला पण टेप आहे," दादा म्हणाला. "काल तिनं दाखवली. म्हणाली, जहाजावर उंदीर झालेत, वायर कुरतडली. मुंगीला म्हणाली, आपण दोघी टेपवाल्या."

"आणि तिचा लॅपटॉप? तो कसा आहे?"

"आमच्यासारखाच. दोन्ही एकदम घेतले होते, ती जहाजावर जायच्या आधी. तिचा पण कधीकधी सकाळी उठत नाही. म्हणते, समुद्राच्या मिठानं सगळंच गंजतं."

"इथे पीठ, तिथे मीठ," काकू म्हणाल्या. "आणि दोन्हीकडे दुखणं एकच. मग ते पिठाचंही नाही आणि मिठाचंही नाही. तुझ्या खेळाचंही नाही. आई काही तुझा खेळ खेळत नाही."

दादानं बाबांकडे बघितलं. त्या बघण्यात पुष्कळ काही होतं. बाबांनी त्याच्या पुढ्यात चहात बुडवायचं एक गरम बटर ठेवलं. माफी मागायची बाबांची ती रीत होती.

"आता दुसरा नियम," काकू म्हणाल्या. "जे पुन्हा घडवता येत नाही, ते दुरुस्त झालं की नाही हेही कळत नाही. तेव्हा बग घडवायचा. मुंगे, बोलणं संपल्यावर लॅपटॉप तूच मिटतेस ना? कसं करतेस, सांग."

मुंगीनं बाबांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "हेडफोनची वायर काढते. मग झाकण लावते. मग कपाटात ठेवते."

काकूंनी तसंच केलं. झाकण उघडलं. पडदा उजळला. पुन्हा केलं. पुन्हा उजळला. मग आधी झाकण, मग वायर. उजळला. दादानं खेळ चालू ठेवून करून पाहिलं, बाबांनी वरून चिमूटभर पीठ टाकायची तयारी दाखवली आणि काकूंनी डोळे वटारले. दुपार सरली, खाली चहाच्या वेळची गिऱ्हाइकं येऊन गेली, आणि लॅपटॉप शहाण्या मुलासारखा दर वेळी उठून बसला.

"म्हणजे काही झालेलंच नाही त्याला," बाबा म्हणाले.

"असंच म्हणतात सगळे," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे तर चालतंय. या तीन शब्दांनी जितके बग जिवंत ठेवलेत, तितके दुसऱ्या कशानं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाबा, मला एक कडक पाव हवाय. अगदी तळातला. तुम्ही आणि दादा दोघं मिळून शोधाल का? जरा वेळ लागला तरी चालेल."

"तळातला पाव शोधायला दोन माणसं?" दादा म्हणाला.

पण बाबांना कळलं. त्यांनी दादाच्या मानेवर पिठाचा हात ठेवला आणि त्याला जिन्यावरून खाली नेलं.

खोलीत काकू आणि मुंगी दोघीच उरल्या.

४

काकूंनी हेडफोनची वायर गुंडाळून मांडीवर ठेवली. खालून ट्रे सरकवल्याचे आवाज येत होते.

"मुंगे," मग त्या म्हणाल्या, "मी विचारलं, काय करतेस. तू सांगितलंस, काय करायला हवं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळेच असं करतात हं. मोठमोठे इंजिनिअरसुद्धा मला पुस्तकातलं लिहून पाठवतात आणि खरं केलेलं विसरतात."

मुंगी बोटावरचं पीठ पुसत राहिली.

"मी काय पाहिलं ते सांगते. ही वायर टोकाशी तुटली आहे. टोक चिमटीत धरून काढलं तर ती तिथे तुटत नाही. लांबून वायरीलाच धरून ओढली, तरच तुटते. म्हणजे काढणारा हात घाईत आहे. आणि लॅपटॉप बंद पडतो तो वाईट बोलण्यानंतर. एवढं पाहिलं. वाटतं काय, ते नाही सांगत."

मुंगी म्हणाली, "तुम्ही बाबांना सांगाल?"

"नाही."

"आईला?"

"तुला विचारल्याशिवाय नाही."

"मी आईला शब्द दिलाय," मुंगी म्हणाली. "ती जाताना. मी रडणार नाही म्हणून. ती म्हणाली होती, तू रडलीस तर मला तिथे तार जोडता यायची नाही, हात थरथरेल. म्हणून मी बोलताना नाही रडत. कधीच नाही. पण ती 'ठेवते हं' म्हणते ना, तेव्हा तिचं चित्र जातं आणि तिथे काळ्या पडद्यात माझंच तोंड दिसतं. ते मला बघायचं नसतं."

"मग?"

"मग मी दाखवू?"

ती लॅपटॉपपुढे बसली. हेडफोन कानावर चढवला. डोळे मिटले. काकूंना दिसलं, की ती आता या खोलीत नाही. कुठल्यातरी बोलण्याच्या शेवटी जाऊन बसली आहे. तिच्या हनुवटीला खळी पडली आणि हलली. आणि मग, एका हातानं तिनं वायर ओढली आणि त्याच क्षणी दुसऱ्या हातानं झाकण मिटलं. वायर आधी नाही, झाकण आधी नाही. दोन्ही एकदम. आणि ती तिथेच, मिटलेल्या झाकणावर कपाळ टेकून बसली.

काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. घाई केली नाही. जेव्हा मुंगीनं डोकं उचललं, तेव्हा त्यांनी झाकण उघडलं.

पडदा उजळला.

"नाही झालं," मुंगी नाक पुसत म्हणाली.

"क्षणाचाही लहानसा तुकडा असतो, तो दर वेळी सापडत नाही. पुन्हा."

तिनं पुन्हा केलं. पुन्हा उजळला. आणखी एकदा केलं. यावेळी काकूंनी झाकण उघडलं आणि दोघी बघतच राहिल्या.

पडदा काळा होता. आत पंखा घरघरत होता. बटण दाबलं, काही नाही.

"मोडला?" मुंगीनं घाबरून विचारलं.

"सापडला," काकू म्हणाल्या.

५

बाबा आणि दादा वर आले तेव्हा काकूंनी एवढंच सांगितलं, की वायर निघणं आणि झाकण मिटणं अगदी एकाच क्षणी झालं तर लॅपटॉप अडकतो. का एकाच क्षणी, ते नाही सांगितलं. बाबांनी मुंगीच्या लाल डोळ्यांकडे बघितलं आणि विचारलं नाही.

"पण अडकतो म्हणजे काय होतं नेमकं?" दादानं विचारलं.

"बाबा, भट्टीपाशी जाड हातमोज्यांचे जोड किती?"

"एकच. दुसरा जळला."

"आणि लांब दांड्याचं फावडं?"

"तेही एकच."

"पाव काढायला दोन्ही लागतात. आता समजा, तुम्ही आणि दादा दोघंही एकदम पाव काढायला धावलात. तुम्ही उचलले हातमोजे. यानं उचललं फावडं. तुम्ही म्हणताय, हा फावडं ठेवेल मग मी घेईन. हा म्हणतोय, बाबा हातमोजे ठेवतील मग मी घेईन. दोघंही सभ्य. कुणी हिसकावत नाही. काय होईल?"

"पाव जळतील," बाबा म्हणाले.

"हा सभ्य बिभ्य नाही," मुंगी म्हणाली. "हा हिसकावेल."

"गाभा मात्र हिसकावत नाही," काकू म्हणाल्या. "वायर निघाली की गाभ्यातलं एक काम आवाजाची आवराआवर करायला धावतं. झाकण मिटलं की दुसरं काम सगळ्यांना झोपवायला धावतं. दोघांनाही त्याच दोन किल्ल्या लागतात. एकामागून एक आले तर काही अडचण नाही. एकदम आले तर एकाच्या हातात एक किल्ली, दुसऱ्याच्या हातात दुसरी, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. जन्मभर बसतील. आणि बाहेरून आपल्याला दिसतो फक्त काळा पडदा."

मुंगी ऐकत होती. ती काळ्या टेपकडे बघत होती.

"मग आईचा लॅपटॉप का उठत नाही?" तिनं विचारलं.

काकूंनी तिच्याकडे बघितलं. उत्तर त्यांना माहीत होतं. पण चांगली शिकवणारी माणसं अशा वेळी गप्प बसतात.

"मीठ वायर तोडत नाही," मुंगी सावकाश म्हणाली. "आणि उंदीर..." ती थांबली. "पहिल्यांदा जहाजावर गेली ना आई, तेव्हा मी विचारलं होतं, तिथे प्राणी आहेत का. ती म्हणाली होती, आम्ही किनारा सोडला की माणसांशिवाय इथे काही नसतं. मुंगीसुद्धा नाही इथे, म्हणून तर करमत नाही."

"उंदीर नाहीत तर वायर कुणी तोडली?" दादा म्हणाला.

बाबा उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मुंगीनं टेप लावलेली वायर हातात घेतली. दूर कुठेतरी पाण्याच्या मधोमध एक बाई 'ठेवते हं' म्हणते, हसते, आणि चित्र जाताच तिचाही हात घाईनं वायरीकडे जातो. दुसरा हात झाकणाकडे. आणि मग ती मिटलेल्या झाकणावर कपाळ टेकते. शब्द मुंगीनं दिला होता. तसा एक शब्द आईनंही स्वतःला दिला असणार.

६

आता काम उरलं होतं कळवायचं. आवाजाचा तो भाग लिहिणारा माणूस दुसऱ्याच कुठल्या देशात राहायचा. काकू त्याला पत्रांतूनच ओळखत होत्या. "आळशी नाही," त्या म्हणाल्या, "पण त्याला 'बंद पडतो हो' असं कळवून चालत नाही. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. बस. सांग तू, मी त्याच्या भाषेत लिहिते."

मुंगीनं सांगितलं, काकूंनी लिहिलं. हेडफोन लावून बोललो. बोलणं संपलं. एका हातानं वायर ओढली, त्याच क्षणी दुसऱ्या हातानं झाकण मिटलं. लॅपटॉपनं झोपायला हवं होतं. तो झोपला नाही आणि उठलाही नाही. दर वेळी होत नाही; पुन्हा पुन्हा केलं तर होतं. दोन लॅपटॉपवर होतं. काकूंनी खाली आपली तांत्रिक माहिती जोडली आणि पाठवून दिलं.

एक दिवस गेला, उत्तर नाही. मुंगी शाळेतून आली की दप्तर न उतरवता समोरच्या इमारतीत जायची. काकू मान हलवायच्या. दुसऱ्या दिवशीही नाही. शनिवार जवळ आला. बाबा म्हणाले, "नुसतं सांभाळून मिटलं तरी चालेल ना रविवारी? आधी वायर, मग झाकण?"

"चालेल की," काकू म्हणाल्या. "पण मला नाही आवडणार. यंत्र माणसासाठी असतं. माणसानं निरोप कसा घ्यावा, हे यंत्रानं शिकवू नये."

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. काकूंनी वाचून दाखवलं. त्या माणसाला बग सापडला होता. दुरुस्ती छोटीशीच होती: दोन्ही कामांनी किल्ल्या नेहमी एकाच क्रमानं उचलायच्या. आधी ही, मग ती. ज्याला पहिली मिळाली नाही, त्यानं दुसरीला हात लावायचा नाही.

"आधी हातमोजे, मग फावडं," बाबा म्हणाले. "हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?"

उत्तराच्या शेवटी त्या माणसानं एक प्रश्नही विचारला होता. त्यानं लिहिलं होतं, हा बग कितीतरी वर्षं तिथे होता आणि कुणालाच दिसला नाही, कारण वायर काढणं आणि झाकण मिटणं या दोन गोष्टी कुणी एकाच क्षणी करत नाही. हे तुम्हाला सापडलं कसं? असं करतं तरी कोण?

"काय लिहू?" काकूंनी विचारलं. "नाही लिहिलं तरी चालेल."

मुंगीनं विचार केला. "लिहा, आम्ही दोघी."

काकूंनी तेवढंच लिहिलं. नवा गाभा त्यांनी मुंगीच्या लॅपटॉपमध्ये घातला आणि जहाजावरच्या यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाकडेही पाठवला, आईच्या लॅपटॉपसाठी.

रविवारी लॅपटॉप टेबलावर होता. टेबल बाबांनी स्वतः पुसलं होतं, पुन्हा पुसलं होतं, आणि तरी पिठाची एक रेघ राहिलीच होती. आईचं चित्र आलं. तिच्यामागे गोल खिडकी आणि खिडकीत वरखाली होणारं पाणी. दादानं परीक्षेचं सांगितलं, आणि बाबांनी, लाजत, की लग्नाचा दुसरा केक नीट पोचला. मग दोघं काहीतरी निमित्त काढून खाली गेले.

"मुंगे," आई म्हणाली, "आमचा यंत्रवाला सांगत होता, माझ्या लॅपटॉपचं दुखणं तू शोधलंस म्हणून. कशानं होत होतं गं? मिठानं?"

"नाही. वायर ओढताना झाकण मिटलं की."

आईची पाळी पुढे पुढे सरकत होती आणि ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

"आई, उंदीर खरंच आहेत का जहाजावर?"

आईनं हेडफोनच्या टेपला हात लावला. "नाहीत गं," ती म्हणाली. "एकही नाही."

"मला वाटलंच."

मागून कुणीतरी आईला हाक मारली. पुढच्या माणसाची पाळी आली होती. "तू ठेव आधी," आई म्हणाली. "नको, तू ठेव," मुंगी म्हणाली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, दोघी सभ्य, दोघी थांबलेल्या. मग मुंगीला भट्टी आठवली.

"अशानं पाव जळतील, आई. क्रम ठरवू या. दर वेळी आधी मी ठेवायचं, मग तू. आणि तिथे तू रडलीस तरी चालेल. तार थोडी वाकडी जोडली तर जोडली."

आई हसली. तिचे डोळे भरलेले होते आणि तिनं ते लपवले नाहीत.

"ठेवते हं," यावेळी मुंगी म्हणाली.

आणि मग तिनं काय केलं? तिनं एका हातानं वायर ओढली आणि त्याच क्षणी दुसऱ्या हातानं झाकण मिटलं, नेहमीसारखंच, आणि त्यावर कपाळ टेकून पोटभर रडली. खालून पावाचा वास येत होता. रडून झाल्यावर तिनं बाहीनं नाक पुसलं आणि झाकण उघडलं. पडदा उजळला.

मुंगीनं खुर्ची पुढे ओढली, आणि सुट्टी लागेपर्यंत जे कदाचित पोचणारही नव्हतं, ते एकेक अक्षर शोधत लिहिलं: "आई, इकडचा उठला. तुझा उठला का?"